बोट सुटण्याआधी डॉक्टरांचा कागद

मेडिकलवाल्याने गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, माझ्या फोनमधला डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाहिला आणि दोन्ही वस्तू काउंटरवरून माझ्याकडे सरकवल्या.

“ताई, कागद जुना झाला. नवीन आणा.”

“अहो, गोळ्या त्याच आहेत. माणूसही तोच आहे.”

“माणूस तोच आहे का, हेच डॉक्टरांना बघू दे एकदा,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. बाहेर येऊन स्कूटरवर बसल्या बसल्याच मी फोनमध्ये नवी यादी उघडली. वर लिहिलं, ‘बा – गोळ्या – पुनवेच्या आत’. खाली पहिली ओळ: ‘डॉक्टर कुठे?’

बा म्हणजे माझे वडील. वसईच्या किनाऱ्यावर, पाचूबंदरला आमचं घर. सत्तरी ओलांडलेला, सगळा जन्म दर्यावर काढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्तदाब निघाला, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली आणि बोटीचं सुकाण माझ्या मोठ्या भावाच्या हातात गेलं. दादा आता आमच्या बोटीचा तांडेल. बा किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला नावं ठेवायचा. बोलून काही दाखवलं नाही, पण दोन वर्षांत तो जेट्टीच्या टोकापर्यंत एकदाही गेला नाही. अलीकडेच बसायचा.

यंदा मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत दादाने बोटीला नवं इंजिन बसवलं, बाहेरून निळा आणि आतून पांढरा रंग मारला आणि एके दिवशी जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, “पहिली फेरी बानेच काढायची. मी बाजूला बसेन.”

बा ताटातला बोंबील तसाच ठेवून हात धुवायला उठला. आमच्या घरात हा फार मोठा आनंद समजावा.

तेव्हापासून घर उकळत होतं. बर्फ कुठून, डिझेल किती, नवे दोर, खलाशांचं जेवण. पुनवेला चर्चचे फादर जेट्टीवर येऊन बोटींना आशीर्वाद देणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बोट सुटणार. मी दर रविवारी सासरहून, जूचंद्रहून, जाते, पण त्या आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयातून रजा टाकून तिथेच राहायला गेले. याद्या करायला इतकी सुंदर संधी वर्षातून एकदाच येते.

फक्त आयने, म्हणजे माझ्या आईने, एक अट घातली होती. आय पहाटे टोपली घेऊन बाजारात बसते, दिवसभर गिऱ्हाइकांशी झगडते आणि घरी आली की तिचा शब्द हा शेवटचा असतो.

“डॉक्टरचा ताजा कागद आना,” ती म्हणाली. “त्यात लिवलेलं पायजे का हा मानूस दर्यात जाऊ शकतो. नाय तर बोट जाईल, हा नाय जानार.”

“गोळ्या आणायच्याच आहेत, तेव्हा कागद येईलच,” मी म्हटलं होतं. म्हणून तर मेडिकलला गेले होते. आणि मेडिकलवाल्याने मला असं परत पाठवलं होतं.

आता अडचण अशी, की आमच्या डॉक्टर मॅडम वसईत आठवड्यातून एकच दिवस बसतात, आणि तो दिवस बोट सुटून गेल्यावर येत होता. पण त्यांच्या दवाखान्यातल्या एका पाटीचा फोटो मी कधीतरी काढून ठेवला होता. माझ्या फोनमध्ये फोटोंचा ‘कामाचे’ नावाचा वेगळा कप्पा आहे. नवऱ्याला त्याचं हसू येतं. पाटीवर लिहिलं होतं: जुन्या पेशंटना चालू गोळ्यांचा कागद व्हिडिओवर तपासून मिळेल. खाली नंबर.

मी तिथूनच, मेडिकलच्या दारातूनच, वेळ मागितली. दोन मिनिटांत उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ. सोबत काय काय हवं त्याची यादी. यादी! जुना कागद, ब्लडप्रेशरचे आकडे, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, पेशंट स्वतः समोर हवा. मला तर त्या मॅडमचा हातच हातात घ्यावासा वाटला. ज्या कामासाठी आम्ही अर्धा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून काढायचो, बा उठून बाहेर जायचा आणि नेमका त्याचाच नंबर पुकारला जायचा, ते काम आता घरात बसून होणार होतं. हॉर्न वाजवत मी पाचूबंदरला परतले.

“फोनवर डॉक्टर?” आय म्हणाली. “नाडी कशी बघनार ती? फोन मनगटावर ठेवायचा?”

“नाडी मी बघते. मशीन आहे आपल्याकडे.”

“मग तूच दे की कागद.”

रात्री मी सगळं लावून ठेवलं. जुन्या कागदाचा आणि रिपोर्टचा फोटो पाठवला. आकडे तर माझ्याकडे होतेच, तेही पाठवले. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी बाच्या दंडाला पट्टा बांधते आणि जो आकडा येईल तो लिहून ठेवते. गोळ्यांसाठीही मी एक डबा आणून दिला होता. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक दिवसाला दोन खण, सकाळ आणि संध्याकाळ. रविवारी भरायचा. पुढच्या रविवारी बघावं तर सगळे खण रिकामे, चकाचक. मी बाचं कौतुक करायचे आणि तोही मान डोलवायचा.

आकड्यांचं मात्र मला कोडं होतं. एका रविवारी अगदी छान, पुढच्या रविवारी चढलेला, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा छान. चढलेल्या आकड्यांसमोर मी कारणं लिहून ठेवली होती: ‘खारा बोंबील?’, ‘दादाशी भांडण’, ‘पुन्हा खारा बोंबील?’

सकाळी नऊला बा तयार होऊन आला. लग्नाला घालायची पॅन्ट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. पायात बूट.

“बा, बूट दिसणार नाहीत तिला.”

“डॉक्टरकडं जायचं तर नीट जायचं,” तो म्हणाला.

मी खिडकीसमोर खुर्ची ठेवली होती. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको, हेही त्यांच्या यादीत होतं. सगळं नीट. नव्हतं ते फक्त नेटवर्क. आमच्या घरात नेटवर्क हे पाहुण्यासारखं आहे, दारापर्यंत येतं आणि बसत नाही. साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी जिन्यात गेले, अंगणात गेले, शेजाऱ्यांच्या ओट्यावर चढले.

“बोटीवर जा,” दादा ओरडला. तो पिंप उचलून जेट्टीकडेच निघाला होता. “बोटीवर फुल येतं!”

मग आमची वरात निघाली. पुढे बूट घातलेला बा, मागे एका हातात ब्लडप्रेशरचं मशीन आणि दुसऱ्या हातात फोन उंच धरलेली मी, तिच्या मागे आय. बाजार आटोपून ती नुकतीच आली होती आणि रिकामी टोपली अजून तिच्या काखेत होती. बोट जेट्टीला लागून चिखलात जराशी कलंडून बसली होती. पाणी बरंच चढलं होतं, पण तिला उचलण्याइतकं नव्हतं. फळीवरून आम्ही चढलो. बा सरळ मागे जाऊन सुकाणाशेजारी बसला. तिथेच बसणार, दुसरीकडे कुठे? मी फोन बर्फाच्या पेटीला टेकवून उभा केला आणि खरोखर, नेटवर्कच्या चारही दांड्या भरल्या.

आणि मॅडम दिसल्या! स्वच्छ, मोठ्या, हसऱ्या. आवाज तर असा, जणू पलीकडच्या बोटीवरून बोलतायत.

“नमस्कार काका. ओळखलंत का?”

बा पुढे वाकला, फोनला तोंड लावल्यासारखं केलं आणि सगळ्या जेट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “नमस्कार मॅडम. ओळखला. ओव्हर.”

आमच्या बोटींवर वायरलेस असतो. एकाने बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्याने. चाळीस वर्षांची सवय. मी खुणेने नको नको म्हणत होते, पण मॅडमना ते आवडलं असावं.

“तब्येत कशी आहे? चक्कर, छातीत दुखणं, धाप लागणं? ओव्हर,” त्या म्हणाल्या.

“काय पन नाय. ओव्हर.”

“पायांना सूज?”

बाने एक बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून फोनसमोर धरला. मग मॅडमनी न सांगताच दुसरा. आयने कपाळाला हात लावला. “सकालच्या पारी बाईला पाय दाखवतो,” ती पुटपुटली. मॅडमनी घोट्याजवळ बोटाने दाबायला सांगितलं, खळगा पडतो का ते बघितलं. पडला नाही. मी मनातल्या मनात टिक केली.

मग त्यांनी माझे आकडे उघडले, आणि त्यांचं हसू कमी झालं.

“ताई, हे एक आड एक रविवारी चढलेले दिसतायत. दर वेळी. बरेच चढलेले.”

“खारी मासळी असते कधीकधी,” मी म्हटलं.

“तेवढ्याने इतकं नाही होणार.” त्यांची नजर बाशेजारच्या सुकाणावर गेली. “काका बोटीवर बसलेत, ते कुठे जायचंय म्हणून?”

मी सांगितलं. परवाची दुपार, पहिली फेरी, एक रात्र बाहेर, दुसऱ्या दिवशी परत. सुकाणावर बा.

“असं करूया,” त्या सावकाश म्हणाल्या. “आहे त्या गोळ्यांचा कागद मी देते. त्यात एक जास्तीची गोळी घालावी लागेल असं वाटतंय. पण आकडे असे वर-खाली नाचत असताना समुद्रावर नको. पंधरा दिवसांनी दवाखान्यात या, मी स्वतः तपासते. मग बघू.”

पंधरा दिवस. दादा पिंप खाली ठेवून उभा होता, तो तसाच राहिला. बा ओव्हरसुद्धा म्हणाला नाही. त्याने एक मोजा चढवायला घेतला, अगदी शांतपणे, चुणी काढत काढत. मला ते बघवेना. आयने काखेतली टोपली खाली ठेवली, आणि अट तर तिचीच होती.

“आजची सकाळची गोळी घेतली ना काका?” मॅडमनी कागद करता करता विचारलं असावं, कारण त्या खाली बघत होत्या.

“नाय.”

“अजून नाही? दहा वाजत आले.”

“अजून भरती कुठं झालीय?” बा म्हणाला. हाताने बोटीखालचं पाणी दाखवलं. “अजून तासभर हाय. अकराच्या आत भरंल. मग घेनार.”

मॅडमनी मान वर केली. “भरतीचा आणि गोळीचा काय संबंध?”

“तुमीच सांगितला होता,” बा म्हणाला. “दोन गोळ्यांच्या मधी बारा तास गेले पायजेत. आता एक भरती झाली का दुसरी भरती बारा तासांनी. वर थोडा टाइम जातो. तो काय, पानी हाय, तेवढं चालायचंच. एका भरतीला एक गोळी, दुसऱ्या भरतीला दुसरी. दोन वर्सं झाली, एक पन भरती चुकवली नाय. ओव्हर.”

दादा वाकून बोटीखालचं पाणी बघायला लागला.

माझ्या डोक्यात मात्र खटाखट गणित सुरू झालं, कारण तेही मला त्यानेच शिकवलेलं होतं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. पुनवेला बारा जवळ. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, आणि तिच्याबरोबर माझ्या बापाची गोळी. म्हणजे अष्टमीच्या सुमारास तो सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असा आदर्श पेशंट असायचा. आणि पुनव-अवसेला एक गोळी भर दुपारी आणि दुसरी मध्यरात्री.

“पण डबा?” मी म्हणाले. “सकाळ-संध्याकाळचे खण? मी भरून देते ते?”

बाने शर्टाच्या वरच्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. जुनी, कोपरे घासलेली. “तुजा डबा वाऱ्यानं उघडतो. तू गेलीस का मी सगळ्या यात ओततो. ही पान्यात पडली तरी तरंगते.”

डबीत गोळ्या होत्या. वाचलेल्या. बारा तासांवर जो थोडा टाइम जात होता, त्याने साठत गेलेल्या.

“रात्रीची गोळी बाराला?” आय आता भानावर आली. “म्हनून उठतो होय हा! मी समजली जाळी बघाया जातो. अवो, सत्तरी झाली तुमची, गोळी पन दर्याला इचारून घेता?”

“घड्याळाचा सेल जातो,” बा म्हणाला. “दर्याचा गेलेला मी तरी नाय बघितला.”

फोनमधून आवाज आला आणि आम्ही सगळे वळलो. मॅडम हसत होत्या. चष्मा काढून, डोळे पुसून हसत होत्या. मग त्यांनी पुन्हा माझे आकडे समोर घेतले आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही रविवारी दहाला मोजता ना? एका रविवारी काकांनी सहाला गोळी घेतलेली असते, तिचा असर दहाला पुरेपूर असतो. म्हणून छान. पुढच्या रविवारपर्यंत भरती दुपारवर गेलेली असते, म्हणजे दहाला आधीच्या गोळीचा असर संपत आलेला आणि नवी अजून डबीतच. म्हणून चढलेला.”

खारा बोंबील निर्दोष सुटला. दादाही.

“म्हणजे जास्तीची गोळी नको?” मी विचारलं.

“आधी हीच गोळी घड्याळाने घेऊन बघू. काका, आता माझ्यासमोर घ्या. मग आज रात्री आठला. उद्यापासून सकाळी आठ, रात्री आठ. डबीतल्या जुन्या गोळ्या ताईंकडे द्या, नवीन आणा. ताई, आज रात्री आणि उद्या सकाळी मोजून मला पाठवा. आकडा मनासारखा आला तर बोटीचं मी लिहून देते. नाही आला तर नाही. चालेल?”

बाने पाणी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून पाण्याची बाटली काढून पुढे केली. भरतीच्या आधी गोळी घेणं त्याला जिवावर आलं होतं, हे सगळ्या बोटीला दिसत होतं. शेवटी त्याने ती तोंडात टाकली, आणि देवाशपथ सांगते, त्याच वेळी बोट हलली. पाण्याने तिला चिखलातून सोडवलं, ती सरळ झाली, बर्फाच्या पेटीवरून फोन घसरला आणि मॅडम आभाळाकडे तोंड करून माझ्या मांडीत पडल्या.

“काय झालं? काका ठीक आहेत ना?”

“बोट तरंगली मॅडम!” मी ओरडले. “ओव्हर!”

कागद दहा मिनिटांत फोनवर आला. बाचं नाव, वय, गोळीचं नाव, किती दिवसांची, खाली मॅडमची सही आणि नंबर. मी तो दोनदा वाचला. आयने तिसऱ्यांदा वाचायला लावला.

“यात दर्याचं कुठं हाय?”

“ते उद्या. आकडा बघून.”

“मग मी पन उद्याच बोलेन,” ती म्हणाली आणि टोपली उचलून उतरली.

मेडिकलवाल्याने या वेळी कागद मोठा करून पाहिला, तारीख पाहिली, नंबर पाहिला आणि फळीवरून पाकिटं काढली. परतताना स्कूटरवर मी गुणगुणत होते, हे मला फाटकाशी आल्यावर कळलं.

संध्याकाळी घरात अशी शिस्त होती, जशी परीक्षेच्या दिवशी असते. जेवणात आयने मिठाचा डबाच लपवला. आठचा गजर मी फोनवर लावला होता, दादाने त्याच्या फोनवर लावला होता, आणि बा दोन्ही गजर व्हायच्या आधीच गोळी हातात घेऊन बसला होता. घ्यावी तर अजून वाजलं नाही, आणि बाहेर भरती अजून अर्धीच. बिचाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत.

“काय वाटतंय?” मी विचारलं.

“सुक्या चिखलात नांगर टाकल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला आणि गिळली.

रात्री मोजलं. आकडा बरा होता. सकाळी गोळीआधी मोजायचं होतं, खरी परीक्षा ती. मी पट्टा बांधला. बाने डोळे मिटले. मशीनने हात आवळला, सोडला, आकडे खाली-खाली येत थांबले. आधीच्या चढलेल्या रविवारांसारखा तो मुळीच नव्हता. पण मॅडमच्या मनासारखा होता की नाही हे मला ठरवता येत नव्हतं आणि त्यांनी तर ते त्यांच्याकडेच ठेवलं होतं. फोटो काढून पाठवला. निळ्या खुणा उमटल्या नाहीत.

त्या दिवशी पुनव. जेट्टीवर सगळं गाव जमलं होतं. बोटींना पताका, झेंडूच्या माळा, नव्या रंगाचा वास. बँडवाले घामाघूम झाले होते. फादर एकेका बोटीपाशी थांबून प्रार्थना म्हणत होते आणि पवित्र पाणी शिंपडत होते. बा आमच्या बोटीपाशी उभा होता, पण बोटीवर नव्हता. कागदाशिवाय पाय ठेवायचा नाही हे त्यानेही मानलं होतं. पांढरा शर्ट तोच, खिशात डबी तीच, पण आज तिच्यात नव्या गोळ्या.

मी दर मिनिटाला फोन बघत होते. आय माझ्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. फादर आमच्या बोटीपाशी आले, सगळ्यांनी मान खाली घातली, आणि माझ्या मुठीतला फोन थरथरला.

मान खाली होतीच. मी तसंच वाचलं.

मॅडमनी कागदच पाठवला होता, सहीचा. सल्ल्याच्या जागी लिहिलं होतं: ‘सुकाणावर बसण्यास हरकत नाही. जाळी ओढू नये. गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. वेळ सकाळी आठ, रात्री आठ, भरती-ओहोटी काहीही असो.’

मी कोपराने आयला ढोसलं आणि फोन तिच्यापुढे धरला. ती अक्षरं लावत वाचते, ओठ हलवत. ‘हरकत नाही’पर्यंत आली, थांबली, पुन्हा मागे गेली. मग तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. फादरनी शिंपडलेल्या पाण्याचे थेंब आमच्या तोंडावर आले, आणि फादरांची प्रार्थना पुरती संपायच्या आत ती सगळ्यांच्या देखत नवऱ्यावर ओरडली, “आता काय, तिथं उभा राहून मुहूर्त बघता? चढा!”

बा चढला. गर्दीतल्या कोणीतरी शीळ घातली. बँडला काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी त्याच क्षणी जोरात सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीला बोट सुटली. नव्या इंजिनाचा आवाज मला अगदी नव्या कापडासारखा कोरा वाटला. दादा खरंच बाजूला बसला होता, हात मांडीवर ठेवून. किल्ल्याच्या तटाखालून जाताना बाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याचं लक्ष पाण्यावर होतं, आणि ते तसंच असायला हवं.

“बघ,” आय म्हणाली, “माज्याकडं वळून पन नाय बघितलं.” आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत ती पदर खांद्यावर घट्ट ओढून हसत उभी होती. मग माझ्याकडे वळली. “आट वाजता त्याला सांगनार कोन?”

मी बोटांवर मोजून दाखवलं. दादाचा गजर, जेवण करणाऱ्या खलाशाचा गजर, आणि वायरलेसच्या वर चिकटवलेला मोठ्या अक्षरांचा कागद.

संध्याकाळी मी जूचंद्रला माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. नवरा विचारत होता की इतके दिवस रजा टाकून नक्की केलं काय, आणि मी त्याला यादी वाचून दाखवायच्या बेतात होते. आठ वाजता माझ्या फोनचा गजर झाला. तो बंद करायचा राहून गेला होता. लाटणं हातात धरूनच मी तो थांबवला, तर लगेच फोन वाजला.

आय होती.

“वाजलं गो बाय,” ती म्हणाली. “घेतली असंल ना?”

“घेतली असेल.”

“खिडकीतनं बघतेय,” ती म्हणाली. “पानी अजून खालीच हाय.”